नाशिकच्या १५ आमदारांना खुलं पत्र : रस्त्यावर मिळालेला शब्द सभागृहात मागा

प्रति,
नाशिक जिल्ह्यातले सर्व १५ आमदार

नमस्कार साहेब, नमस्कार ताई,

मी सुरगाणा तालुक्यातला. २०१३ पासून नाशकात सातपूरला एका कंपनीत कामाला आहे, खोली भाड्याची आहे, मतदान मात्र अजून गावालाच, कारण आईबाबा तिकडेच आहेत आणि जमीन तिकडेच आहे. जमीन म्हणजे फॉरेस्ट प्लॉट, वनखात्याच्या हद्दीतला तुकडा. आजोबांनी तोडला, बाबांनी कसला, त्यात नागली, वरई, थोडा भात आणि बांधाला उडीद निघतो, आणि पावसाळा संपला की घरातले निम्मे लोक दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जातात. हे सगळं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, कारण ते बागायतदार तुमचेच मतदार आहेत आणि त्यांच्या बागेत छाटणी, डिपिंग करणारे हात आमचे आहेत.

तर पत्र लिहायचं कारण एकच. आमच्या घरात एक पिशवी आहे. खताच्या गोणीच्या आत जो जाड प्लास्टिकचा कागद असतो ना, त्याची बाबांनी पिशवी केलीये, तोंडाला सुतळी, आणि ती आढ्याला टांगलेली असते म्हणजे उंदीर लागत नाही आणि पावसात भिजत नाही. त्यात काय आहे तर फॉरेस्टवाल्यांनी केलेल्या दंडाच्या पावत्या. बाबांना वाचता येत नाही, पण कुठली पावती कधीची ते त्यांना कागदाच्या रंगावरून आणि डागावरून कळतं, ही नांगर उचलून नेला होता तेव्हाची, ही बैल सोडवून आणले तेव्हाची, ही तुझी बहीण झाली त्या वर्षाची. तेव्हा ज्या पावतीमुळे घरात चूल पेटली नव्हती तीच पावती आता आमचा पुरावा आहे, कारण २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो की आदिवासी माणूस १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असेल तर ती त्याच्या नावावर करा, जितकी कसतो तितकी करा, वरची मर्यादा ४ हेक्टर. आणि दंड केला म्हणजे आम्ही तिथे होतो हे सरकारच्याच सहीशिक्क्याने सिद्ध झालं. बाबा दावा दाखल करायला गेले तेव्हा ही पिशवी छातीशी धरून गेले होते. ग्रामसभेने दावा मंजूर केला, मोजणी झाली, आणि काही वर्षांनी हातात कागद आला १८ गुंठ्यांचा. आम्ही कसतो साडेतीन एकर. उरलेल्या तीन एकरावर नांगर धरणारा माणूस कागदावर आजही चोरच आहे. तालुक्याच्या एका कार्यालयात अर्ज दिला, तिथून सांगितलं फाईल वर गेलीये, वर गेलो तर सांगितलं खाली आहे. किती वेळा रजा टाकून गेलो ते आता मोजत नाही. आणि हे आमच्या एका घराचं नाही, पाड्यावर कुठलंही दार वाजवा, अशीच एखादी पिशवी निघेल.

आता मुद्द्यावर येतो, आणि त्यासाठी मला एका माजी आमदाराबद्दल बोलावं लागेल. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जीवा पांडू गावित. तुमच्यातले जुने लोक त्यांच्यासोबत सभागृहात बसलेत. मी त्यांच्या पक्षाचा सभासद नाही, कधी नव्हतो, घरात आई लाल बावट्याची आणि मामाकडचे सगळे घड्याळवाले, त्यामुळे जेवताना भांडणं ऐकतच मोठा झालोय. पण माणूस १९७८ ला पहिल्यांदा सुरगाण्यातून आमदार झाला, एकूण ७ वेळा निवडून आला, मध्ये पडला, पुन्हा उभा राहिला, २००८ च्या पुनर्रचनेत सुरगाणा मतदारसंघच गेला आणि कळवणला जोडला गेला, तिथे २००९ ला हरला, २०१४ ला ए. टी. पवारांसारख्या तगड्या माणसासमोर जिंकला. त्या विधानसभेत त्यांच्या पक्षाचे ते एकटेच आमदार होते. एकटे. आणि ज्येष्ठ म्हणून नोव्हेंबर २०१४ मध्ये हंगामी अध्यक्ष झाले, म्हणजे नव्या आमदारांना शपथ द्यायचं काम सुरगाण्याच्या आदिवासी माणसाने केलं. त्या दिवशी आमच्या पाड्यावर एकाच घरात टीव्ही होता आणि अंगणापर्यंत माणसं उभी होती असं आई अजून सांगते.

त्यांच्यावर आमची नाराजी नाही असं नाही, तेही बोलतो, नाहीतर पत्र खोटं होईल. इतक्या टर्म आमदार असून सुरगाण्यात आजही बाळंतीण अडली की गाडी वणी-दिंडोरी करत नाशिकला पळवावी लागते, कित्येक पाड्यांना मार्च लागला की झिऱ्यावर वाटीने पाणी भरावं लागतं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तर सीमेवरच्या काही गावांनी सांगितलं की इथे सोयी मिळत नसतील तर आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या. ती बातमी वाचून मला कंपनीत कुणाकडे बघवत नव्हतं. एवढा पाऊस पडणारा तालुका, नार आणि पार आमच्याच डोंगरातून वाहतात आणि पाणी पश्चिमेला जातं, आणि आमची माणसं मात्र हंडा घेऊन उभी. ह्याचा जाब विरोधी बाकावरच्या आमदारालाही विचारायला हवा आणि सत्तेतल्यांना तर हवाच हवा. लोकांनी विचारलाही. २०१८ ला एवढा मोठा मोर्चा काढलेला माणूस २०१९ ला कळवणला पडला, २०२४ ला परत पडला. दोन्ही वेळा नितीन पवार निवडून आले. लोकशाही आहे, निकाल मान्य.

पण मोर्चाचं सांगायचंय. ६ मार्च २०१८ ला नाशकात सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडच्या चौकातून लोकं पायी मुंबईला निघाली, कसतो ती जमीन नावावर करा हे मागायला. नाशिककरांनी ते पाहिलंय, मला वर्णन करायची गरज नाही, पण माझी आई त्यात होती म्हणून सांगतो. डोक्यावर गाठोडं, त्यात तांदूळ, मिरची-मीठ, एक लुगडं आणि गोधडी. मी कामावर होतो, मला वाटलं इगतपुरीपर्यंत जाऊन परत येईल, गुडघा दुखतो तिचा. कसारा घाट उतरल्यावर गावातल्या एकाचा फोन आला की मावशी चाललीये अजून. मग मला राहवलं नाही, मी सुट्टी टाकली आणि ठाण्याला जाऊन गाठलं. जवळपास १८० किलोमीटरचा रस्ता, मार्चचं ऊन, डांबर तापलेलं. तिच्या टाचेची कातडी निघाली होती आणि तिने पदराची पट्टी फाडून बांधली होती, ती पट्टी पायाला चिकटली होती, सोडवताना ती ओरडली नाही पण तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं उमटली. मुलुंडच्या पुढे एका बाईने स्वतःच्या पायातली चप्पल काढून दिली. मोठी होत होती, आईने सुतळीने बांधली आणि तशीच चालली. ती चप्पल घरी आहे अजून, कुणाला घालू देत नाही.

११ तारखेला सोमय्या मैदानावर सगळे थकून पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहावीच्या पोरांचे पेपर होते. दिवसा निघालो असतो तर पोरं ट्रॅफिकमध्ये अडकली असती, म्हणून ठरलं की रात्रीच निघायचं, आणि हजारो माणसं मध्यरात्री उठून आझाद मैदानाकडे चालायला लागली. पायाला फोड आलेले, शंभराहून जास्त किलोमीटर मागे टाकलेले, आणि उठले. आपल्या पोरांना शाळा धड मिळाली नाही त्यांनी दुसऱ्याच्या पोरांच्या पेपरसाठी झोप सोडली. मुंबई त्या दिवशी रस्त्यावर पाणी, बिस्किटं, पोहे घेऊन उभी होती ते उगाच नाही.

१२ मार्चला सरकारशी बोलणी झाली, लेखी मिळालं. वनहक्काचे दावे ६ महिन्यांत निकाली काढू. लेखी. आई कागद बघून आली नव्हती पण तिला माहीत होतं की लिहून दिलंय. ती घरी आली आणि बाबांनी पिशवी खाली काढली, सगळ्या पावत्या उन्हात पसरल्या, कारण आता मोजायला माणसं येणार.

६ महिने गेले. वर्ष होत आलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये तीच माणसं परत नाशिकहून निघाली. त्या वेळी शहर सोडून फार लांब जायच्या आतच मंत्री आले, परत लेखी आश्वासन मिळालं आणि मोर्चा थांबला. मग निवडणुका, मग कोरोना. मग मार्च २०२३. कांदा मातीमोल झालेला, किलोला दोन-चार रुपये, लोकं वावरातच नांगर फिरवत होती, आणि पुन्हा मोर्चा, दिंडोरीवरून, नाशकातून, परत तोच कसारा घाट. ह्यावेळी ठाणे जिल्ह्यात वासिंदला थांबले. गावित तेव्हा आमदार नव्हते, पण चर्चेला तेच होते.

आणि इथे मला तुमचं सगळ्यांचं लक्ष हवंय. २०१८ ला कागद घेऊन लोकं घरी गेली. २०२३ ला गेली नाहीत. ह्या वेळी म्हणणं असं होतं की नुसतं लेखी नको, मुख्यमंत्र्यांनी सभागृहात निवेदन करावं, आणि खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत आदेश पोचल्याचं कळल्याशिवाय आम्ही वासिंद सोडणार नाही. अधिवेशन चालूच होतं. मुख्यमंत्री शिंदेंनी सभागृहात निवेदन केलं, कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान झालं, वनहक्कासाठी समिती नेमली ज्यात गावित आणि डहाणूचे आमदार विनोद निकोले होते, एका महिन्यात अहवाल द्यायचा ठरला, आणि मग १८ मार्चला मोर्चा थांबला. हा फरक मी कितीतरी दिवस डोक्यात घोळवतोय. ७ वेळा आमदार राहिलेल्या माणसाने शेवटी काय ओळखलं? की रस्त्यावर दिलेल्या शब्दाला कुणी वाली नसतो. सभागृहात दिलेल्या शब्दाला असतो.

तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण पत्र लोकंही वाचतील म्हणून लिहितो. विधानसभेची एक आश्वासन समिती असते. मंत्री सभागृहात उभं राहून जे बोलतात की हे करू, चौकशी करू, अमुक दिवसांत निर्णय घेऊ, ते त्या समितीकडे नोंदलं जातं, आणि खात्याला उत्तर द्यावं लागतं की केलं का, नसेल केलं तर का नाही. वेळ लागतो, कधी खूप लागतो, तरी धागा तुटत नाही. पण तोच मंत्री मोर्चासमोर ट्रकवर उभा राहून बोलला किंवा शिष्टमंडळाला पत्र देऊन गेला की तो कागद कुठल्याच रजिस्टरला नसतो. सरकार बदललं, सचिव बदलले, की शब्द हवेत. म्हणजे आईचा पाय १८० किलोमीटर झिजून जे मिळवतो, ते टिकवायचं काम सभागृहात बसलेल्या माणसाचं आहे. ते काम आई करू शकत नाही, मी करू शकत नाही. ते फक्त तुम्ही करू शकता. तारांकित प्रश्न लावून, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यायला लावून, तातडीच्या विषयावर लक्षवेधी लावून, अर्धा तास चर्चा मागून, मंत्र्यांच्या तोंडून सभागृहात तारीख वदवून घेऊन.

आता २०२४ चा निकाल बघा. जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीच्या. एक मालेगाव मध्य वेगळी, तीही १६२ मतांनी. काही जण मंत्री झाले, मंत्री प्रश्न विचारू शकत नाहीत, ठीक आहे. पण बाकीच्यांना कुणी अडवलंय? सत्ताधारी आमदाराने प्रश्न विचारू नये असा कुठलाही नियम नाही. उलट तुमचा प्रश्न सरकार जास्त गांभीर्याने घेईल, विरोधकाचा प्रश्न म्हणून झटकून टाकता येणार नाही. लोकं मला म्हणतात, अरे आपला आमदार सत्तेत आहे, काम होईल, फोनवर होईल, प्रश्न कशाला. पण फोनवर झालेलं काम एका माणसाचं असतं. त्या माणसाला साहेबांचे उपकार वाटतात आणि बाजूच्या घराला काहीच मिळत नाही. प्रश्न सगळ्या जिल्ह्यासाठी असतो.

निवडणुकीत तुमची मेहनत मी पाहिलीये, खरंच पाहिलीये. वणीच्या पुढे प्रचाराच्या गाड्या, पाड्यापाड्यावर बैठका, आमच्या गावाला तर रात्री साडेअकराला एक उमेदवार आले, लाईट नव्हती, मोबाईलच्या उजेडात बोलले, माणसाच्या अंगात ताप होता हे दिसत होतं. आमदारकी फुकट मिळत नाही. तेवढी मेहनत जर वर्षातल्या तीन अधिवेशनांसाठी झाली तर काय होईल ह्याचा मी विचार करतो. कारण निवडून आल्यावर आमच्याकडे जे दिसतं ते म्हणजे सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट. वर्षाला ५ कोटींचा आमदार निधी असतो, त्यातून हे होतं, होऊ द्या, अंधारात दिवा लागला तर वाईट काय. पण ते काम एखादा चांगला अधिकारीही करू शकतो. सभागृहात उभं राहायला मात्र अधिकारी येऊ शकत नाही.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही हो. कर्मवीर दादासाहेब गायकवाड, जन्म १९०२ चा, गाव आंबे, तालुका दिंडोरी. भाभानगरला त्यांच्या नावाचं सभागृह आहे, तुमच्यातल्या प्रत्येकाने तिथे भाषण केलेलं असणार. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला त्याचं रोजचं काम ह्या माणसाने ओढलं, पंचवटीत मार खाल्ला, वर्षानुवर्षं माणसं जमवत राहिले. आणि १९३७ ला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधानसभेत निवडून गेले. म्हणजे आमदारच. त्याच वर्षी बाबासाहेबांनी खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, रद्द करायचं विधेयक सभागृहात मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. आत विधेयक आणि बाहेर मोर्चा, दोन्ही एकाच वेळी. तरी ते विधेयक तेव्हा पास झालं नाही, खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. काळारामाचं दारही तसंच, सत्याग्रह १९३० चा आणि मुंबई प्रांताचा मंदिर प्रवेशाचा कायदा १९४७ चा. पायांनी मागितलेली गोष्ट कागदावर यायला इतकी वर्षं लागतात, म्हणून तर आत कुणीतरी सतत धरून बसणारा लागतो.

आणि दादासाहेब खासदार झाल्यावर घरी बसले नाहीत. १९५९ ला लोकसभेत असताना भूमिहीनांचा सत्याग्रह केला, १९६४-६५ ला राज्यसभेत असताना देशभर केला, लाखो माणसं तुरुंगात गेली, मागणी हीच की पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. आज सरकारची भूमिहीनांना जमीन द्यायची योजना त्यांच्याच नावाने आहे. आमचा साडेतीन एकराचा प्रश्न काही वेगळा नाही, तोच आहे.

सभागृहातल्या कामाने पोट भरतं ह्याचं अजून एक उदाहरण आमच्या घरातलंच. आजीने दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलेली. ती योजना वि. स. पागे ह्यांच्या डोक्यातून आली, विधान परिषदेचे सभापती होते ते, आणि १९७७ ला तिचा कायदा झाला, देशाने तर २००५ ला केला. आजीला पागे कोण ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं, पण तिला हे माहीत होतं की काम मागितलं की द्यावंच लागतं. कायदा म्हणजे हे.

४ ऑक्टोबर २०२४ ला मंत्रालयात काय झालं तेही सगळ्यांनी पाहिलं. दिंडोरीचे आमदार नरहरी झिरवाळ, तेव्हा विधानसभेचे उपाध्यक्ष, पेसा भरतीसाठी (आदिवासी भागातल्या सरकारी जागांवर आदिवासींची भरती) आणि धनगर समाजाला आदिवासी आरक्षणात घेऊ नये ह्या मागणीसाठी तिसऱ्या मजल्यावरून जाळीवर उतरले. त्यावर लोकांनी खूप मीम बनवले. मला हसू आलं नाही. पेसा भरतीत निवड होऊनही ऑर्डरची वाट बघत बसलेली पोरं आमच्या तालुक्यात आहेत, त्यातला एक माझ्या मावसभावाचा मुलगा. पण माझ्या मनात तेव्हापासून हा प्रश्न आहे की विधानसभेचा उपाध्यक्ष, जो सभागृह चालवतो, त्यालाही जर आपलं म्हणणं ऐकवायला जाळीवर उतरावं लागत असेल तर ते सभागृह आपण सगळ्यांनी किती रिकामं सोडलंय. हे त्यांना एकट्याला विचारत नाही, पंधराही जणांना विचारतोय.

एक तांत्रिक गोष्ट आहे ती पण सांगतो, कारण ती कुणी बोलत नाही. वनहक्काच्या उपविभागीय समितीत पंचायत समितीचे ३ सदस्य असतात, जिल्हा समितीत जिल्हा परिषदेचे ३. नियमातच आहे तसं, म्हणजे लोकांचा माणूस टेबलावर असावा. नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि तेव्हापासून कित्येक वर्षं प्रशासकच. म्हणजे ज्या टेबलावर आमच्या पिशवीचा फैसला होतो तिथे आमचा निवडलेला माणूसच नाही, सगळे अधिकारी. दावा फेटाळला तर विभागीय समितीकडे अपील करता येतं, २०२० पासून ती सोय आहे, पण फेटाळल्याचा कागद हातात पडला तर अपील करणार ना. आणि कमी क्षेत्र दिलं हे फेटाळणंच आहे, तरी आमच्यासारख्यांना मंजूर झालेल्यांच्या यादीत मोजतात. म्हणजे यादीत बाबांच्या नावासमोर मंजूर आणि वावरात तीन एकर बेवारस. वर सातबाऱ्याचं वेगळंच, नाव इतर हक्कात टाकतात, कब्जेदार सदरी, म्हणजे जमीन ज्याच्या ताब्यात त्याच्या रकान्यात नाही, मग बँक पीककर्ज देत नाही आणि सोसायटी उभं करत नाही. एकूण किती दावे मंजूर हा आकडा विचारून काही उपयोग नाही, किती मागितलं आणि किती दिलं हे विचारायला लागेल.

तुम्ही म्हणाल कळवण, दिंडोरी, बागलाण, इगतपुरी ह्या आदिवासी जागा आहेत, त्यांनी विचारावं, आम्हा शहरातल्यांचा काय संबंध. ताई, साहेब, मी सातपूरला राहतो. माझ्या लाईनीत अकरा पोरं आहेत, सात सुरगाणा-पेठची. गंगापूर रोडच्या बांधकामावर, द्वारकेच्या भाजीच्या गाड्यांवर, पंचवटीच्या धर्मशाळांत झाडू मारायला कोण आहे ते एकदा विचारून बघा. ज्याची जमीन नावावर नाही तो तुमच्या वॉर्डात येऊन राहतो. आणि २०१८ ला सीबीएसपासून मुंबई नाक्यापर्यंत लोकं ज्या रस्त्याने गेली तो शहराचाच रस्ता होता, नाशिककरांनीच पाण्याच्या बाटल्या दिल्या होत्या.

म्हणून मी ठरवलं की नुसती मागणी करायची नाही, प्रश्न लिहूनच द्यायचा. विधिमंडळाची जुनी प्रश्नोत्तरं वाचत बसलो, रात्रपाळी संपल्यावर, तीन-चार दिवस. भाषा तिथलीच घेतलीये. भाषेत चूक असेल तर दुरुस्त करा, पण विचारा. १५ पैकी ज्यांना विचारता येतो त्यातल्या कुणीही एकाने विचारला तरी चालेल, सगळ्यांनी मिळून सह्या केल्या तर फारच चांगलं. प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी पाठवावा लागतो हे मला कळलंय, म्हणून आत्ताच देतोय. आणि उत्तर आलं की ते आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवायला या, मंडप नको, सत्कार नको, आम्ही खाली बसतो तिथेच बसू. बाबा पिशवी घेऊन येतील.

नाशिक जिल्ह्यातील वनहक्क दाव्यांबाबत

सन्माननीय आदिवासी विकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :

(१) मार्च, २०१८ व मार्च, २०२३ मध्ये नाशिक येथून निघालेल्या शेतकऱ्यांच्या पायी मोर्चास वनहक्क दावे निकाली काढण्याबाबत शासनाने आश्वासन दिले होते, हे खरे आहे काय,

(२) असल्यास, नाशिक जिल्ह्यात तालुकानिहाय किती वैयक्तिक दाव्यांत ग्रामसभेने मान्य केलेल्या क्षेत्रापेक्षा कमी क्षेत्र मंजूर करण्यात आले, मागणी केलेले व मंजूर केलेले क्षेत्र किती आहे, तसेच कमी क्षेत्र मंजूर करण्याची कारणे दावेदारांना लेखी कळविण्यात आली आहेत काय,

(३) असल्यास, अशा दाव्यांची फेरतपासणी करून दावेदारांची नावे सातबारा उताऱ्यावर कब्जेदार सदरी घेण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

आपला,
सुरगाणा तालुक्यातल्या एका प्लॉटधारकाचा मुलगा
सध्या मुक्काम सातपूर, नाशिक